भरावावरचा सरचार्ज कधी काढावा? खचण्याची मोजणी एक सांगते, पायझोमीटर दुसरेच

तळमोजणी
नमस्कार. मऊ चिकणमातीवर उभारलेल्या एका रस्त्याच्या भरावाची मोजणी गेले दहा महिने माझ्याकडे आहे. हाताशी असलेले दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि सरचार्ज, म्हणजे माती लवकर दबावी म्हणून वर तात्पुरता टाकलेला जादा भराव, काढण्याचा निर्णय मात्र त्यांच्यावरच अवलंबून आहे.

चिकणमातीचा थर १२ मीटर जाडीचा असून तिचे एकक वजन प्रतिघनमीटर सुमारे १५.५ किलोन्यूटन आहे. भूजल मूळ जमिनीच्या पृष्ठभागालगतच आहे. पूर्ण खोलीपर्यंत १०० मिमी रुंद व ४ मिमी जाड पट्टीचे, चिकणमातीतले पाणी वर आणणारे उभे निचरे १.२ मीटर अंतराच्या त्रिकोणी मांडणीत घातलेले आहेत. १ मीटर सरचार्ज धरून भरावाची जाडी ४.५ मीटर, म्हणजे भार सुमारे ९० किलोपास्कल आहे. भराव तीन महिन्यांत पूर्ण झाला. आडव्या दिशेचा दृढीकरण गुणांक वर्षाला २ चौरस मीटर धरून, सहा महिन्यांत ९० टक्के दृढीकरण, म्हणजे भाराखाली पाणी बाहेर पडून मातीचे दबणे, होईल आणि एकूण खचणे १.२० मीटर असेल, असे आराखड्यात लिहिले आहे.

आज मध्यरेषेवरची सेटलमेंट प्लेट, म्हणजे खचणे मोजण्यासाठी भरावाखाली ठेवलेली पाटी, १.१० मीटर खाली गेली आहे, म्हणजे आराखड्याच्या हिशेबाने ९२ टक्के काम झाले. परंतु थराच्या मध्यावर, निचऱ्यांच्या मधोमध बसवलेला पायझोमीटर, म्हणजे मातीच्या छिद्रांतील पाण्याचा दाब मोजणारे उपकरण, अजून ३४ किलोपास्कल अतिरिक्त छिद्रदाब (भरावामुळे वाढलेला, अजून न ओसरलेला दाब) दाखवतो, म्हणजे केवळ ६२ टक्के. कंत्राटदाराची माणसे सरचार्ज उतरवण्यासाठी रोज विचारणा करीत आहेत. कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?

रेखांश
पायझोमीटर बिघडले असावे. माझ्या अनुभवात दहापैकी तीन तरी दगा देतात. प्लेट डोळ्यांना दिसते, तिच्यावर विश्वास ठेवा.

अनुजा_मृदा
रेखांश, इतक्या लवकर उपकरणाला दोष देऊ नये असे मला वाटते. तळमोजणी, आपण १.१० ला ज्या १.२० ने भागले, ते मोजलेले नाही, ते भाकीत आहे. ते चुकले असेल तर ९२ टक्के हा आकडाही चुकीचाच ठरतो. गेल्या तीन महिन्यांत प्लेट दर महिन्याला किती खचली, तेवढे कृपया सांगावे.

तळमोजणी
अनुजाताई, अनुक्रमे ९५, ७९ आणि ६६ मिलिमीटर.

अनुजा_मृदा
मग उत्तर याच तीन आकड्यांत आहे. ९५ वरून ७९ आणि ७९ वरून ६६, दोन्ही वेळा गुणोत्तर ०.८३ येते. भार स्थिर असताना, निचऱ्यांकडे आडवा प्रवाह होत असलेली माती अशीच वागते: दर महिन्याचे खचणे मागच्या महिन्याच्या ठरावीक पटीत कमी होत जाते. ही भूमितीय श्रेणी पुढे चालवली, तर उरलेल्या खचण्याची बेरीज ६६ गुणिले ०.८३ भागिले ०.१७, म्हणजे सुमारे ३२० मिलिमीटर होते. अंतिम खचणे १.४२ मीटर आणि आजची प्रगती ७७ टक्के. आसाओका यांनी १९७८ साली मांडलेली आलेखाची पद्धत मुळात हेच करते: समान कालांतराने घेतलेली खचण्याची वाचने मागच्या वाचनासमोर मांडायची आणि ती रेषा ४५ अंशांच्या रेषेला कोठे छेदते ते पाहायचे.

एका महिन्यात ६६ मिलिमीटर खचणारा भराव ९२ टक्के स्थिरावला आहे असे म्हणताच येत नाही. आराखड्यातील १.२० पेक्षा त्या महिन्याच्या हालचालीकडे अगोदर पाहायला हवे होते.

नवशिका_स्थापत्य
एक मूलभूत प्रश्न विचारतो. भाकितात इतका फरक पडलाच कसा? सहा महिन्यांत ९० टक्के हे गणित मी स्वतः करून पाहिले आणि ते सहा महिन्यांचेच येते.

अनुजा_मृदा
गणित बरोबर आहे, पण त्यात मँड्रेल विसरले गेले आहे.

त्रिकोणी मांडणीत प्रत्येक निचऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या मातीच्या दंडगोलाचा व्यास अंतराच्या १.०५ पट, म्हणजे येथे १.२६ मीटर. पट्टीचा समतुल्य व्यास तिच्या परिघाला π ने भागून सुमारे ६६ मिमी. या दोहोंचे गुणोत्तर १९. निचरा आदर्श मानला, तर गणितातला रोधाचा घटक १९ चा नैसर्गिक लॉगॅरिदम वजा ०.७५, म्हणजे २.१९ होतो आणि ९० टक्क्यांना सहा महिने लागतात.

प्रत्यक्षात पट्टी जमिनीत नेणारी पोलादी नळी, म्हणजे मँड्रेल, भोवतालची चिकणमाती रगडत जाते. त्या रगडलेल्या कड्यात, ज्याला आपण स्मिअर म्हणतो, मातीचे बारीक आडवे थर पुसले जातात आणि पाण्याची वाट अरुंद होते. मँड्रेल १२० बाय ६० मिमीचे असेल, तर त्याचा क्षेत्रफळावरून येणारा व्यास ९६ मिमी. रगडलेले कडे त्याच्या दुप्पट धरले, तर ते निचऱ्याच्या व्यासाच्या जवळजवळ तिप्पट होते. तेथील पारगम्यता एकतृतीयांश मानली, की तोच घटक २.१९ वरून ४.३९ होतो आणि सहा महिन्यांचे बरोबर बारा महिने होतात. बारॉन यांनी १९४८ च्या मांडणीतच स्मिअरला जागा दिली होती आणि हान्सबो यांनी १९७९ मध्ये पट्टीच्या निचऱ्यांसाठी ते सूत्र सुटसुटीत केले. त्यामुळे हा घटक वगळण्याला आज कारण उरलेले नाही.

बारा महिन्यांत ९० टक्के म्हणजे महिन्याचे गुणोत्तर ०.८२ ते ०.८३. प्लेटने नेमके तेच दाखवले आहे.

पाणपातळी
अनुजाताईंचा हिशेब पटला, पण पायझोमीटरचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ७७ आणि ६२ यांत अंतर आहेच. तळमोजणी, मला तीन गोष्टी हव्या आहेत. पायझोमीटरचे टोक किती खाली गेले? निचऱ्यांचे पाणी बाहेर नेण्यासाठी भरावाखाली अंथरलेल्या वाळूच्या थरातले पाणी कोणत्या पातळीवर आहे? आणि ४.५ मीटर ही भरावाची जाडी आहे की मूळ जमिनीपासूनची उंची? भराव जसजसा खचतो तसतशी वर माती टाकून पातळी राखली जाते, आणि कागदावर उंची तीच राहत असताना भार मात्र वाढत गेलेला असतो. हा घोळ मी दोन कामांवर पाहिला आहे.

तळमोजणी
४.५ मीटर ही जाडीच आहे, वर माती टाकलेली नाही. एक्स्टेन्सोमीटरच्या (वेगवेगळ्या खोलीवरचे खचणे मोजणाऱ्या उपकरणाच्या) चुंबकी कड्यांवरून वरचे ६ मीटर ०.६० मीटरने आणि खालचे ६ मीटर ०.५० मीटरने दबले आहेत, म्हणजे टोक अर्धा मीटर खाली गेले. वाळूच्या थरातली पातळी आजवर मोजलेलीच नव्हती. उद्या नळी उतरवून सांगतो.

निचरा
चुंबकी कड्यांची ही नोंद मोलाची आहे. निचरे मध्येच एखाद्या कठीण पट्ट्यावर अडून आखूड राहिले असते, तर खालचा अर्धा भाग इतका दबला नसता. निचरे तळापर्यंत पोहोचले आहेत याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. मी एका कामावर नऊ मीटरवर थांबलेले निचरे पंधरा मीटरचे म्हणून नोंदलेले पाहिले. पट्टीच्या गुंडाळ्यांचा हिशेब जुळवला तेव्हा ते उघडकीस आले, आणि तोवर वर संपूर्ण भराव उभा राहिलेला होता. तेव्हापासून मी प्रत्येक निचऱ्याची खोली मँड्रेल खाली असतानाच स्वतः लिहून घेतो.

तळमोजणी
आज मध्यभागी वाळूच्या थरात नळी उतरवली. पाणी आजूबाजूच्या भूजलापेक्षा ०.६० मीटर वर उभे आहे. हे मला अपेक्षित नव्हते, कारण वाळूचा थर दोन्ही बाजूंना उघडा आहे.

जुनाभराव
उघडा होता, असे म्हणावे लागेल. भराव मध्यभागी १.१० मीटर खचला आहे आणि कडेला त्याहून पुष्कळ कमी. वाळूचा थर आता बशीसारखा झाला आहे. निचऱ्यांतून वर आलेले पाणी बशीच्या तळाशी जमते आणि बाहेर पडण्यासाठी त्याला चढ चढावा लागतो. त्यात कडेच्या उतारावर चिखलमाती ओघळून तोंडे बुजली असतील, तर निचऱ्यांनी आपले काम चोख केले तरी पाणी तेथेच कोंडून राहते. मध्यभागी सच्छिद्र नळीची विहीर बसवून तिच्यात पंप ठेवायचा असतो, आणि तो भराव घालण्याअगोदर. आता भोक पाडूनही बसवता येईल. ते काम उद्यावर टाकू नका.

पाणपातळी
आता छिद्रदाबाचा हिशेब नीट मांडता येईल. टोक ०.५० मीटर खाली गेल्यामुळे तेथील स्थिर पाण्याचा दाबच ५ किलोपास्कलने वाढला आहे आणि आपण सुरुवातीचाच स्थिर दाब वजा करीत आहात. म्हणून ३४ चे २९. वाळूच्या थरातले ०.६० मीटर पाणी म्हणजे आणखी ६ किलोपास्कल. तेही वजा केले तर खरा अतिरिक्त दाब २३ उरतो.

अनुजा_मृदा
शेवटच्या वजाबाकीशी मी सहमत नाही. चिकणमातीतले पाणी निचऱ्याकडे किती वेगाने जाईल हा प्रश्न असेल, तर तुलना निचऱ्यातील पातळीशी करावी, आणि तेथे २३ हा आकडा योग्य आहे. पण मातीच्या कणांवर प्रत्यक्ष किती ताण आला हा प्रश्न असेल, तर ते ६ किलोपास्कल वजा करता येणार नाहीत. वाळूतले पाणी उतरेपर्यंत तेवढा प्रभावी ताण मातीला मिळालेलाच नाही. तेथे २९ च धरावे लागतील.

शिवाय टक्केवारी काढताना ज्या भाराने भागायचे, तो छेदही बदलतो. १.१० मीटर भराव भूजलाखाली गेला असून त्यावरच्या उत्प्लावनामुळे अखेरीस मातीला ९० नव्हे, तर ७९ किलोपास्कलच मिळणार आहेत. २९ वजा जाता त्यातले ५० मिळाले आहेत, म्हणजे ताणाच्या हिशेबाने प्रगती ६३ टक्के.

आता ६३ आणि ७७ यांचा मेळ. मऊ माती ताणाच्या प्रमाणात दबत नाही, ताणाच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात दबते. थराच्या मध्यावर मूळचा प्रभावी ताण ३३, आजचा ८३ आणि अखेरचा ११२ किलोपास्कल. ८३ ला ३३ ने भागून येणाऱ्या लॉगॅरिदमचे ११२ ला ३३ ने भागून येणाऱ्या लॉगॅरिदमशी गुणोत्तर ०.७५. म्हणजे ६३ टक्के ताण मिळाला तेव्हा ७५ टक्के खचणे होऊन जाते, आणि प्लेट ७७ म्हणते. दोन्ही उपकरणे खरेच बोलत होती.

रेखांश
माझे पहिले विधान मी मागे घेतो. टोक खाली गेल्याची दुरुस्ती मी आजवर एकाही कामात केलेली नाही, हे वाचताना लक्षात आले. एक शंका मात्र राहते. पायझोमीटर निचऱ्यांच्या मधोमध आहे, म्हणजे तो सर्वांत वाईट जागेचा दाब दाखवतो, सरासरी नव्हे. हा फरक मोठा नाही का?

पाणपातळी
फार मोठा नाही. अनुजाताईंनी दिलेल्या मापांत आदर्श निचऱ्यासाठी मधला दाब सरासरीहून सुमारे ११ टक्के जास्त येतो आणि स्मिअर धरल्यास जेमतेम ६ टक्के, कारण तेव्हा बराचसा दाब रगडलेल्या कड्यातच खर्ची पडतो. खरी भीती उलट दिशेची आहे. पायझोमीटर मधोमध बसवला असे नोंदलेले असते, पण खोलवर तो कलून निचऱ्याजवळ गेलेला असतो आणि कमी दाब दाखवून आपल्याला निर्धास्त करतो.

नवशिका_स्थापत्य
थोडे विषयांतर होते आहे, पण विचारतो. या पट्ट्या येण्यापूर्वी काय वापरीत असत?

जुनाभराव
वाळू. जमिनीत भोक पाडून त्यात वाळूचा स्तंभ भरीत. त्यानंतर स्वीडनमध्ये शेलमान यांनी पुठ्ठ्याची पट्टी वापरात आणली, आणि आजची प्लास्टिकच्या गाभ्याची, वर गाळणकापड गुंडाळलेली पट्टी तिचीच वंशज आहे. स्वीडनमधल्याच स्को-एडेबी येथे १९५७ साली चाचणीचे भराव उभारले गेले. वेगवेगळ्या अंतरांवर वाळूचे निचरे घातलेल्या भरावांशेजारी निचरा नसलेलाही एक भराव तेथे आहे. त्या जागेची मोजणी कित्येक दशके चालू राहिली, म्हणून तिच्याविषयी मला विशेष आदर वाटतो. आपण दहा महिन्यांत उतावीळ होतो.

निचरा
याच संदर्भात १९९४ साली सुरू झालेल्या जपानमधील कानसाई विमानतळाचे उदाहरण मला नेहमी आठवते. समुद्रतळावरच्या सुमारे २० मीटर मऊ चिकणमातीत वाळूचे निचरे घातले गेले आणि तो थर अपेक्षेप्रमाणे लवकर दबला. पण त्याखालच्या जुन्या, खोल चिकणमातीच्या थरांपर्यंत निचरे पोहोचणे शक्यच नव्हते, आणि बेटाचे नंतरचे संथ खचणे तेथून येते. निचरा केवळ त्याच्या वाट्याच्या मातीला घाई करतो.

रेखांश
आणि अंतिम खचणे तो कमी करीत नाही, हेही पुनःपुन्हा सांगावे लागते. निचरे घातले म्हणजे भराव कमी खचेल, असे मानणारे अभियंतेही मला भेटले आहेत.

अनुजा_मृदा
अंतिम खचण्याविषयी एक मतभेद नोंदवून ठेवते. मातीचे संथ रेंगाळते दबणे, म्हणजे क्रीप, छिद्रदाब ओसरल्यानंतरच सुरू होते असे एक मत आहे, आणि ते पहिल्या दिवसापासूनच सोबत चालते असे दुसरे. प्रयोगशाळेत २० मिमी जाडीचा नमुना एका दिवसात दृढ होतो, तर जागेवर वर्ष लागते. या सबंध वर्षात क्रीप थांबून राहते हे मला पटत नाही, आणि जागेवरचे खचणे प्रयोगशाळेच्या भाकितापेक्षा जास्त निघण्याचे ते एक कारण असावे असे मी मानते. येथे १.२० चे १.४२ झाले त्यातही तिचा वाटा असू शकतो.

जुनाभराव
आता मूळ प्रश्नाकडे येऊ या, कारण तळमोजणींना निर्णय द्यायचा आहे.

सरचार्ज १ मीटर, म्हणजे २० किलोपास्कल. तो काढल्यावर रस्त्याचे थर येतील, ते साधारण १० किलोपास्कल धरू. म्हणजे सरचार्जची निव्वळ आघाडी फक्त १० किलोपास्कलची आहे. सर्वांत वाईट जागेचा अतिरिक्त दाब जोवर १० च्या वर आहे, तोवर सरचार्ज काढला तरी रस्त्याच्या भाराखाली मातीचे दृढीकरण शिल्लकच राहणार. आज तो २९ आहे. टक्केवारीचा वाद येथेच संपतो.

वाळूतले पाणी उपसले की २९ चे २३ होतील. तेथून ०.८३ च्या गतीने १० वर यायला साडेचार महिने लागतील, आणि तेव्हाही हातात काही जादा उरणार नाही. क्रीप खऱ्या अर्थाने मंदावण्यासाठी मातीने तिच्या कायमच्या भारापेक्षा थोडा अधिक ताण अनुभवलेला असावा लागतो. त्यासाठी आणखी १ मीटर सरचार्ज चढवा. दाब २३ वरून ४३ वर जाईल, पण आघाडी ३० ची होईल. चार महिन्यांत तो २० वर येईल आणि १० किलोपास्कल जादा ताण मातीच्या पदरात पडलेला असेल. थोड्या कमी वेळात अधिक चांगली माती मिळते.

निचरा
स्थैर्याचे काय? त्या एका मीटरने भराव घसरला तर सगळेच गेले.

जुनाभराव
रास्त प्रश्न आहे. मध्यावर प्रभावी ताण ५० किलोपास्कलने वाढला आहे. अशा मातीची पाण्याचा निचरा न होता लागू पडणारी कातरताकद, म्हणजे घसरण्याला विरोध करण्याची ताकद, त्या वाढीच्या सुमारे ०.२२ पट वाढते, म्हणजे मध्याखाली ११ किलोपास्कलची भर पडलेली असावी. परंतु भरावाच्या पायथ्याखाली भार कमी असल्याने ताकदही कमी वाढली आहे, आणि घसरण्याचा पृष्ठ तेथूनच जातो. म्हणून नव्याने व्हेन चाचणी (मातीत पाती फिरवून कातरताकद मोजण्याची चाचणी) करावी, पायथ्याखालीही करावी, आणि माती अर्ध्या मीटरच्या दोन टप्प्यांत चढवावी. पायथ्याजवळच्या इन्क्लिनोमीटरने, म्हणजे जमिनीचे बाजूला सरकणे मोजणाऱ्या उपकरणाने, दाखवलेली आडवी हालचाल रोज पाहावी. ती प्लेटच्या हालचालीच्या तुलनेत अचानक वाढू लागली, तर त्याच क्षणी थांबावे.

पाणपातळी
आणि आडव्या हालचालीतून आलेले खचणे दृढीकरण म्हणून मोजू नये. माती बाजूला सरकली तरी प्लेट खाली जातेच.

तळमोजणी
सहा आठवड्यांनी परत येत आहे. सर्वांचे मनापासून आभार.

वरचा संपूर्ण हिशेब आराखडाकारांपुढे ठेवला आणि त्यांनी तो मान्य केला. मध्यभागी विहीर घेऊन पंप बसवला. पहिल्या दिवशी नळीतून आलेले पाणी इतके स्वच्छ होते, की गाळणकापड शाबूत आहे याची तेथेच खात्री पटली. कडेची तोंडे उकरली तेव्हा ती खरोखरच हातभर चिखलमातीखाली गाडलेली होती. तीन आठवड्यांत वाळूतली पातळी ०.६० वरून ०.१० मीटरवर उतरली आणि दुरुस्त केलेला छिद्रदाब २९ वरून २१ वर आला.

व्हेन चाचणीनंतर अर्ध्या मीटरचा पहिला टप्पा चढवला, तेव्हा दाब ९ किलोपास्कलने वाढला. दहा दिवसांनी दुसरा टप्पा घातला आणि आज वाचन ३८ आहे. इन्क्लिनोमीटर शांत आहे. ०.८३ चीच गती राहिली, तर २० वर येण्यास साडेतीन महिने लागतील.

अनुजा_मृदा
फार समाधान वाटले. ०.८३ हा आकडा जुन्या भाराखालचा आहे. नव्या भाराखाली निदान तीन मासिक वाचने मिळेपर्यंत साडेतीन महिन्यांची तारीख कोणालाही लेखी देऊ नका. आणि प्लेटची दांडी वाढवली असेल, तर जोड देण्यापूर्वीचे व नंतरचे वाचन त्याच दिवशी नोंदले आहे ना, ते तपासा.

तळमोजणी
दांडी दुसऱ्या टप्प्याच्या आदल्या दिवशी वाढवली. दोन्ही वाचने नोंदवहीत आहेत.